तरंग आणि माध्यम

साहित्यातील प्रभावाविषयी लिहिताना आपण ‘तरंग’ हा शब्द सर्रास वापरतो, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे असतो तो तळ्यात पडलेला दगड. आपल्या न्यायशास्त्रातही ध्वनीसाठी वीचितरंगन्याय आहेच. सतराव्या शतकातील विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त तो कदंबगोलकन्यायासोबत येतो. मूळचा ध्वनी प्रवास करीत नाही, एका ध्वनीतून दुसरा उपजत कानापर्यंत पोचतो, ही त्यातली सूक्ष्म दृष्टी आजही थक्क करते. (तेथे आश्रय आकाश मानले आहे, हवा नव्हे, ही गोष्ट निराळी.) तरीही तळ्याचे चित्र अपुरेच आहे.

हवेतला ध्वनी हा अनुतरंग. तंबोऱ्याची तार छेडली की ती आडवी हलते, तो अवतरंग. पण तिच्यामुळे तबली कंप पावते, लगतची हवा दाटते, लगेच विरळ होते. संपीडन आणि विरलन यांची ही मालिका तेवढी पुढे सरकते. हवेचे कण तरंगाच्याच दिशेने मागेपुढे झुलतात आणि जागीच राहतात. नेहमीच्या बोलण्यात हे झुलणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी कमी असते. कण तरंगाच्या वाटेवरच हलत असल्यामुळे फसगत होते: बोलणाऱ्याच्या तोंडची हवाच आपल्या कानी आली असे वाटते. समीक्षेतले ‘उसनवारी’, ‘अनुकरण’ हे शब्द अशाच फसगतीतून येतात.

दुसरी गोष्ट वेगाची. 20 अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, पाण्यात 1480 च्या आसपास, पोलादात 5000 हून अधिक. मोठ्याने ओरडले म्हणून तो लवकर पोचत नाही. वेग ठरवते ती माध्यमाची स्थितिस्थापकता आणि घनता. एलियटची ‘द वेस्ट लँड’ 1922 ची, मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ 1947 च्या, म्हणजे मराठी कविता पंचवीस वर्षे मागे, हा हिशेब म्हणूनच मला भाबडा वाटतो. एलियटच्या आवाजावर आपण पानेच्या पाने लिहितो. मधल्या काळातल्या मराठी काव्यभाषेची घडण कशी होती, ओवी-अभंगात किती ताण पेलण्याची शक्ती उरली होती, हे कितीजण तपासतात?

मराठीच्या वर्गात एकदा विज्ञान विभागातली लांब स्प्रिंग मागवून आणावी. मधल्या एका वेढ्याला चिंधी बांधावी आणि टोकाला हलका धक्का द्यावा. दाटलेला पट्टा पलीकडच्या टोकापर्यंत धावत जातो. चिंधी जराशी पुढे होते, मागे येते, आणि होती तेथेच थांबते.