उंबऱ्याआतला कारखाना

विश्रांतवाडीच्या वस्त्यांत फिरताना मला अनेक दारांत सुट्या भागांचे पोते आणि भोवती कात्री घेऊन बसलेल्या मायलेकी दिसतात. लहान कारखानदार रबरी वॉशरच्या कडा कातरायला नगावर देतो. त्याचा खर्च घटतो, धंदा सुधारतो. पण घटलेला खर्च जातो कुठे? जागा, वीज, नापास मालाचा तोटा, कामाविना गेलेले दिवस, सारे बाईच्या पदरात! अशा धंद्याला टिकाऊ म्हणणे मला मान्य नाही.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याने घरी माल नेऊन काम करणाऱ्यालाही कामगार धरले होते. अंमल मात्र उंबऱ्यावरच अडला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली अशा कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही.

कारखानदार म्हणेल, मोठी कंपनीच भाव पाडते. खरे आहे; म्हणून मागणी तिच्यापर्यंत न्यायला हवी. आठ तासांत होणाऱ्या नगांवर किमान वेतन निघालेच पाहिजे. मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत वही घाला: नग किती, तास किती, दर किती. हिशेब हाती असेल, तरच भाव मागता येईल.