खिडकीतून न दिसणारी नदी

नदीकाठी घर घ्यावं की नाही, यावर माझं मत आता पक्कं झालंय: जरूर घ्यावं, पण नदीचा हिशोब समजून घ्यावा. तो ज्याला कंटाळवाणा वाटत असेल त्याने सरळ तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघावा.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे हॉलंडमध्ये लिंगे नदीच्या काठचं एक जुनं घर आम्ही घेतोय, हे एव्हाना बहुतेकांच्या कानावर गेलंय. त्यावर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आल्या. मित्रमंडळी म्हणाली, "वा, कॅलेंडरमधल्या चित्रात राहायला चाललात की!" आणि सांगलीहून नानाकाकांनी अभिनंदन वगैरेच्या भानगडीत न पडता विचारलं, "पूररेषेच्या आत की बाहेर?"

गेल्या दोन महिन्यांत या घराबद्दल मी बँकवाल्याशी बोलले, माकेलारशी (म्हणजे इथल्या इस्टेट एजंटशी) बोलले, इमारत तपासणाऱ्या इंजिनियरशी बोलले. या सगळ्यांत शहाणा प्रश्न काकांचाच होता. गावभागात राहणाऱ्या माणसाला २००५, २०१९ आणि २०२१ ही सालं घराच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवता येतात. आणि कॅलेंडरवाल्यांना जे वाटतं, की "डच लोक पाण्याचं काय ते बघून घेतात, तुम्ही निवांत राहा", ते मला मुळीच पटत नाही.

आधी नदीची ओळख करून देते. लिंगे साधारण १०० किलोमीटर लांबीची, सगळीच्या सगळी नेदरलँड्समध्येच वाहणारी. वाहणारी तरी कसली, पंप आणि झडपा लावून तिची पातळी राखलेली असते. दोन्ही बाजूंना सफरचंद, पेअर आणि चेरीच्या बागा, एप्रिलमध्ये त्या फुलल्या की शहरातून माणसं नुसती बघायला येतात. आमचं घर डाइकला, म्हणजे मातीच्या बांधाला टेकून उभं आहे. बांधावरच्या रस्त्यावरून दारातून आत शिरलात की तुम्ही वरच्या मजल्यावर असता, आणि स्वयंपाकघर एक जिना खाली, बागेच्या पातळीला. रस्ता ओलांडला की पाण्यालगतची एक अरुंद पट्टी आणि लाकडी धक्का, तोही घराबरोबर येतो. संध्याकाळी तिथे बसलं की पाणबदकं सोडून कुणाचा आवाज नाही. माणूस भुलणारच!

पण या घराला लिंगेचा फारसा धोका नाही. धोका आहे तो दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेल्या वाल नदीचा. ती आमच्या एकाही खिडकीतून दिसत नाही.

ऱ्हाईन जर्मनीतून लोबिथजवळ नेदरलँड्समध्ये शिरते. थोडं पुढे तिला फाटा फुटतो आणि जवळजवळ दोन तृतीयांश पाणी वालमध्ये जातं. आमच्याकडे पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी घरोघरी विचारली जाते ना (४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका), तशी इथे नदीकाठची माणसं लोबिथची पातळी बघतात. लिंगे आणि वाल यांच्यामधल्या सखल पट्ट्याला टीलरवार्ड म्हणतात, आणि आमचं घर त्या पट्ट्यात आहे. वालचा बांध फुटला तर हा सगळा भाग परातीसारखा भरेल.

हे काही मी घाबरवायला सांगत नाही. जानेवारी १९९५ च्या अखेरीस ऱ्हाईन आणि मास या दोन्ही नद्या इतक्या फुगल्या, की बांध टिकतील याची खात्री देता येईना. तेव्हा या नदीखोऱ्यातून सुमारे अडीच लाख माणसांना हलवलं, गुरांसकट. शेजारच्या आजी सांगत होत्या, की त्यांनी आधी फोटो आणि गालिचे वर नेले, मग रात्रभर रस्त्यावरून गाईंचे ट्रक जाताना पाहिले. बांध फुटले नाहीत, लोक परत आले. पण त्या आजींच्या घरी महत्त्वाचे कागद अजून वरच्या मजल्यावरच असतात.

घराचा करार झाल्यावर इथे कायद्यानं खरेदीदाराला तीन दिवस मिळतात, विचार बदलायला. कारण न देता करार मोडता येतो. ते तीन दिवस मी नकाशे बघण्यात घालवले. इथे एक संकेतस्थळ आहे, पिनकोड टाकला की तुमच्या पत्त्यावर पुराचं पाणी किती चढू शकेल ते सांगतं. आमच्या पत्त्याला उत्तर आलं दोन मीटरपेक्षा जास्त. नवरा म्हणाला, "म्हणजे स्वयंपाकघर गेलंच!"

मग विम्याचे कागद काढले. छोट्या नद्या आणि कालव्यांच्या पुराला बऱ्याच घरविमा कंपन्या आता संरक्षण देतात. म्हणजे लिंगे घरात आली तर पैसे मिळतील. पण मोठ्या नदीचा किंवा समुद्राचा मुख्य बांध फुटला तर सहसा मिळत नाहीत. त्यासाठी १९९८ चा एक कायदा आहे, त्याखाली सरकार काही भरपाई देऊ शकतं. 'देऊ शकतं', 'देईलच' असं नाही. जी नदी दिसते तिचा विमा आहे, जी दिसत नाही तिचा नाही. घराच्या जाहिरातीत यातलं एक अक्षर नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग घेता कशाला?

सांगते. आम्ही दोन घरं पाहिली होती. दुसरं थेट वालच्या काठी होतं, बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला, एका उंचवट्यावर. खिडकीतून मोठमोठ्या मालवाहू बोटी जाताना दिसत, आणि किंमत आमच्या घरापेक्षा कमी! बांध आणि नदी यांच्यामधली ती कुरणं म्हणजे नदीचीच जागा. हिवाळ्यात तिला पसरायला लागते म्हणून मोकळी ठेवलेली. तिथे राहणाऱ्याने आपली जोखीम आपण घ्यायची. ते घर आम्ही सोडलं, आणि माझ्या मते कुणीच तशा जागी नवीन घर करू नये, कितीही स्वस्त असलं तरी.

कारण डच लोकांनीच आता तो हट्ट सोडलाय. शतकानुशतकं बांध उंच करत गेले, आणि १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर त्यांनी ठरवलं की नुसती उंची वाढवून भागणार नाही, नदीला जागा परत द्यायला हवी. 'नदीसाठी जागा' याच नावाची योजना झाली, ३० हून जास्त ठिकाणी कामं, २ अब्ज युरोंच्या वर खर्च. नाइमेखनसमोर लेंट गावात बांध ३५० मीटर मागे घेतला आणि वालला दुसरा प्रवाह खणून दिला. त्यात सुमारे ५० घरं गेली. ज्यांची गेली त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार केल्याशिवाय ही योजना किती थोर असं म्हणू नये. पण नदीची जागा व्यापली की ती कधीतरी कुणालातरी सोडावी लागते, हे त्यातून दिसतं.

बांधाच्या आतल्या घराची गोष्ट वेगळी. २०१७ पासून इथे कायद्यात आकडाच आहे: मुख्य बांधामागे राहणाऱ्या कुणाचाही पुरात बळी जाण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एकापेक्षा जास्त नको, आणि २०५० पर्यंत सगळे बांध त्या मापात बसवायचे. हा आकडा समोर ठेवून मला माझी जोखीम तोलता येते. ती मी स्वीकारली.

आणि फुकट नाही स्वीकारली. घर घेताना २ टक्के हस्तांतरण कर, नोटरीचा खर्च, हे आलंच (आणि ते कर्जात बसत नाही, खिशातून जातं). त्यानंतर दरवर्षी पाणीमंडळाचा कर. अशी मंडळं देशात २१ आहेत, काहींची मुळं तेराव्या शतकातली. त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात आणि माझ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असला तरी तिथे मला मत आहे. बांधाजवळ खड्डा खणायचा, झाड लावायचं तर त्यांची परवानगी लागते. काठाच्या फळ्या सांभाळणं आमच्याकडे, आमच्या हद्दीतला चर शरद ऋतूत साफ ठेवणं आमच्याकडे. न केल्यास नोटीस येते.

इथे जुन्या काळी एक कायदा होता. आपल्या वाट्याचा बांध ज्याला सांभाळता येईना, त्याने त्या बांधात फावडं रोवायचं आणि जमीन सोडून निघून जायचं. जो ते फावडं उपसेल त्याला जमीन मिळायची, आणि बांधाची जबाबदारीही. मला हे फार पटतं. पाणीमंडळाचा कर भरताना चार लोक कुरकुरतात तेव्हा मला ते फावडं आठवतं.

आपल्याकडेही रेषा आहेतच की! निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आखणारे इंजिनियर काही कमी हुशार नाहीत. पण फ्लॅट विकताना बिल्डरने ती रेषा आपणहून दाखवली असं मी तरी ऐकलेलं नाही, आणि घेणारेही विचारत नाहीत. पार्किंग विचारतात, नळाला पाणी किती वेळ ते विचारतात, पुराचं नाही. दोष कुणा एकाचा नाही, पण विचारण्याची सुरुवात घेणाऱ्यानेच करायला हवी.

आणि इथल्यांना सगळं जमलंय असंही नाही बरं का. जुलै २०२१ मध्ये लिम्बुर्गमध्ये खेउल नावाची एवढीशी नदी फाल्केनबुर्ग गावात घुसली आणि दुकानं, घरं, पूल यांची दैना करून गेली. सगळ्यांची नजर मोठ्या नद्यांवर, आणि आली ती छोटी! आमचं उलटं आहे: आम्ही छोटीच्या काठी बसणार आणि मोठीकडे लक्ष ठेवणार.

असो. पुढच्या महिन्यात नोटरीकडे सह्या. कपाटं कुठे लावायची यावर वाद सुरू आहेत, पण पासपोर्ट, दागिने आणि आईच्या हातच्या पाककृतींची वही वरच्या मजल्यावर, यावर एकमत झालंय. तुमच्यापैकी कुणी नदीकाठी राहत असेल, मुळेच्या असो, पंचगंगेच्या असो की थेम्सच्या, तर तुमच्या पत्त्यावर पाणी किती चढू शकतं हे तुम्हाला माहीत आहे का, ते जरूर कळवा. माहीत नसेल तर आज शोधा.