आधी ऑर्डर मोजा, मग कॉम्प्युटर घ्या

शेवगाव असो, अकोले असो की जामखेड, लग्नाचं एडिटिंग घरून सुरू करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, कोणता लॅपटॉप घेऊ?"

माझं मत स्पष्ट आहे. काम घरीच करायचंय ना? मग डेस्कटॉप घ्या. त्याच पैशात ताकद जास्त मिळते आणि पुढे रॅम, डिस्क वाढवता येते.

आता गणित करा. १०० एमबीपीएसवर केलेलं फोर-के शूटिंग तासाला ४५ जीबी जागा खातं. पाच तासांचं फुटेज म्हणजे २२५ जीबी. ५१२ जीबीची एसएसडी दोन लग्नांत फुल्ल! म्हणून निदान १ टीबी एसएसडी आणि ३२ जीबी रॅम धरा.

सेकंडहँड स्वस्त मिळतोय? त्यावर विंडोज ११ चालतं का, ते आधी बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. सॉफ्टवेअर चोरीचं नको. सुरुवातीला दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते.

यूपीएस आणि कॉपी ठेवायला वेगळी हार्डडिस्क, यात मात्र काटकसर नको. फुटेज गेलं तर सप्तपदी पुन्हा शूट होत नाही, आणि तालुक्यात एकदा नाव गेलं की गेलंच.

शेवटचं: मागच्या तीन महिन्यांच्या कमाईतून हप्ता निघत असेल तरच कर्ज घ्या. नसेल तर जुन्याच मशीनवर हलक्या प्रॉक्सी फाइल बनवून एडिट करा. गिऱ्हाईक तुमचं मशीन बघत नाही, अल्बम आणि व्हिडिओ वेळेवर मागतं.