वीज गेली नि हिशेब गेला

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या गावी दूध-संकलन केंद्रावर एक विलक्षण प्रकार घडला. संध्याकाळच्या धारा काढून मंडळी रांगेत उभी होती. यंत्र दूध मोजी, फॅट दाखवी आणि ज्याच्या त्याच्या नावावर नोंद करून चिठ्ठी बाहेर टाकी. इतक्यात वीज गेली, आली आणि पुन्हा गेली. दिवे लागले तेव्हा पडद्यावर नुसती शून्ये! दहा दिवसांचा हिशेब नाहीसा झाला होता. ज्यांनी चिठ्ठ्या जपून ठेविल्या होत्या त्यांचे निभावले. एका म्हाताऱ्या बाईने मात्र त्या चिठ्ठ्यांनी चूल पेटविली होती. शेवटी मागच्या हप्त्याची सरासरी धरून तिला पैसे दिले. पण तिची गाय नुकतीच व्यालेली, दूध वाढलेले, तेव्हा नुकसान तिचेच झाले. “यंत्र चुकत नाही, असे तुम्हीच सांगत होता ना?” असे तिने सेक्रेटरींस विचारिले. ते गप्प राहिले. त्या प्रश्नाचा थोडा छडा लावावा, असे आम्हांस वाटले.

अशा यंत्राच्या पोटात एक चिमुकला संगणक असतो. घरातील विजेचे नवे मीटर, मोटारगाडी, कपडे धुण्याचे यंत्र ह्यांतही तो असतो. त्याच्या नोंदी बहुधा फ्लॅश मेमरी नावाच्या चिपमध्ये राहतात. जपानातील तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका ह्यांनी हा शोध लावून १९८४ साली तो जगापुढे मांडिला. इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे सूक्ष्म कण, काचेसारख्या पातळ थराआड कोंडून ठेवावयाचे, ही त्यातील युक्ती. बाहेरची वीज गेली तरी ते कण वर्षानुवर्षे आतच राहतात.

मग हिशेब गेला कसा? वाचकांनी शाळेतील पाटी आठवावी. मात्र ही पाटी चमत्कारिक आहे. तिच्यावर अक्षरे एकेक लिहिता येतात. पुसावयाची म्हटली तर सबंध पाटीच पुसावी लागते. एका शेतकऱ्याची एक नोंद बदलावयाची तरी संगणक साऱ्या पाटीची नक्कल आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो, पाटी पुसतो आणि मग सगळे पुन्हा लिहितो. हे काम सेकंदाच्या लहानशा भागात उरकते. पण नेमक्या त्याच क्षणी वीज गेली तर? पाटी कोरी, आणि तात्पुरती स्मृती तर विजेबरोबरच विझलेली. दुरुस्तीस आलेल्या मुलाच्या बोलण्यावरून येथेही असेच झालेले दिसले.

ह्यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. नव्या विहिरीला पाणी लागेपर्यंत जुनी बुजवू नये, इतकेच त्याचे तत्त्व. पाट्या दोन ठेवावयाच्या. नवा हिशेब दुसऱ्या पाटीवर लिहावयाचा, त्यावर चढता क्रमांक घालावयाचा आणि सर्व आकड्यांवरून काढलेली एक पडताळ्याची संख्या शेवटी नोंदवावयाची. ती जुळली तरच जुनी पाटी पुसावयाची. वीज परत आल्यावर संगणक दोन्ही पाट्या तपासतो. ज्यांचा पडताळा जुळतो त्यांतील मोठ्या क्रमांकाची खरी मानतो. फार तर शेवटची एक नोंद जाईल, दहा दिवस जाणार नाहीत. शिवाय विजेचा दाब उतरू लागताच नवे लिखाण सुरू न करणारा पहारेकरी, आणि हातचे लिखाण पुरे होईपर्यंत तग धरील एवढा साठा असलेला कपॅसिटर, ही जोडी असली म्हणजे उत्तमच.

दुसरा धोका झिजेचा. प्रत्येक पुसण्याने तो काचेसारखा थर थोडा थोडा विटतो. चिपच्या जातीप्रमाणे काही हजारांपासून सुमारे एक लाख वेळा पुसणे सोसते. म्हणून शहाणा कार्यक्रम एकाच पाटीला न राबविता साऱ्यांना पाळीपाळीने कामास लावितो. टेस्ला कंपनीच्या जुन्या मॉडेल एस व मॉडेल एक्स गाड्यांत ८ जीबीची चिप होती. गाडीतील संगणक तीवर आपली रोजनिशी सारखी लिहीत राहिला आणि काही वर्षांत चिपा झिजल्या. पडदा बंद पडे, मागील बाजूचे चित्र दिसेनासे होई. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीला अमेरिकेत सुमारे १,३५,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. अतिलेखनाचे हे दुष्परिणाम वाचून आम्ही स्तंभलेखकांनीही अंमळ विचारात पडावे!

दूध सोसायट्यांच्या संचालकांस आमची एक सूचना आहे. यंत्र विकत घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर नोंद चालू असताना वीस वेळा वीज तोडून पाहावी आणि जुन्या नोंदी मोजाव्यात. जो विक्रेता ह्यास कांकू करील त्याचे यंत्र घेऊ नये.

त्या केंद्रावर आता दुसरे यंत्र आले आहे आणि सेक्रेटरी रोज रात्री वहीतही आकडे उतरवितात. म्हातारी चिठ्ठ्या डब्यात ठेविते. पण डबा चुलीवरच्या फळीवर आहे, आणि तो कागद उष्णतेने काळा पडणारा. तो तेथून हलवावयास आम्ही तिला सांगितले आहे.