मे महिन्यातली लोकर



इंदूरचा पारा ४२ ला टेकला की घरोघरी माठ निघतात, कुल्फीवाल्याची घंटी वाजायला लागते आणि मी लोकर काढतो. आमच्या कॉलनीत आता याचं कुणाला नवल वाटत नाही. समोरचे काका सकाळी दूध आणायला जाताना एवढंच विचारतात, "क्यों भिया, इस बार किसका नंबर है?" म्हणजे या वर्षी कुणाचा स्वेटर.

मे महिन्यात लोकर का, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. मोठ्या माणसाच्या स्वेटरच्या पाठीला साधारण १०० टाके आणि दीडशे ओळी लागतात. झाले १५,००० टाके. माझा वेग मिनिटाला पंचवीस टाक्यांचा. म्हणजे नुसत्या पाठीलाच दहा तास. पुढचा भाग, दोन बाह्या आणि गळा वेगळेच. ऑफिस, भाजी, मुलाचा अभ्यास सांभाळून रोज अर्धा तास मिळतो. थंडी पडल्यावर लोकर आणली तर स्वेटर होळीला तयार होईल! म्हणून मी मे महिन्यातच सुरुवात करतो. फक्त उन्हाळ्यात मोठं काम मांडीवर घ्यायचं नाही. त्या दिवसांत मोजे, टोपी, हातमोजे अशी छोटी कामं बरी. हाताला घाम आला की लोखंडी सुयांवर टाके अडकतात, तेव्हा बांबूच्या सुया वापराव्यात. नवशिक्यांसाठी आणखी एक गोष्ट: आपल्याकडच्या सुयांचे नंबर उलटे चालतात. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, तर १० नंबरची सव्वातीन. नंबर मोठा, सुई बारीक. दुकानात हे आठवलं नाही तर बाहुलीचा स्वेटर होतो.

मला विणकाम आईने शिकवलं. आई मूळची ग्वाल्हेरची. मुंबई-रत्नागिरीच्या आपल्या नातेवाइकांना स्वेटरचं फारसं कौतुक नसतं. त्यांच्याकडे तो एखादा असतो आणि ट्रंकेत असतो. पण ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी ज्याने पाहिली आहे त्याला विचारा. आईच्या लहानपणी दुपारी वाड्याच्या गच्चीवर उन्हात सगळ्या बायका विणत बसायच्या आणि एकीचा नमुना दुसरीकडे जायचा. तो कागदावर कधीच उतरला नाही. आईनेही लिहिला नाही. तिने विणून ठेवला. चार बोटं रुंद आणि हातभर लांब अशी एक पट्टी आहे तिच्याकडे. त्यात एकापुढे एक चौदा नमुने आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे: साबुदाणा, वेणी, गहू, पायऱ्या, मुंग्यांची रांग. हीच आईची वही.

गेली तीन वर्षं आईच्या बोटांना संधिवात आहे. सकाळी कपाचा कान धरणंही जड जातं. सुया तिने स्वतःहून कपाटात ठेवल्या, त्यावर एक शब्द बोलली नाही. मग मी पट्टी घेऊन तिच्याजवळ बसलो आणि एकेक नमुना विचारून लिहायला लागलो. अकरा नमुने तिने तोंडी सांगितले. "दोन सुलट, एक जाळी, दोन एकत्र, मग उलट..." बाराव्याला ती थांबली. हात हवेत फिरवून पाहिले, डोळे मिटले आणि म्हणाली, "अरे, हे मला कधी पाठ नव्हतंच. हे बोटांना येत होतं."

ते वाक्य मला फार लागलं. बोटांना येतं ते बोटं थांबली की कुठे जातं?

या वर्षी सुट्टीत आम्ही तिघं हिमाचलला जायचं ठरवलं. आई बहिणीकडे राहिली. निघताना ती पट्टी तिने रुमालात गुंडाळून माझ्या बॅगेत घातली. मालवा एक्स्प्रेसची तिकिटं होती. ही गाडी आपल्या महूहून निघते, इंदूर-उज्जैन-भोपाळ करत ग्वाल्हेरवरून जाते, दिल्लीपुढे अंबाला-लुधियाना करत पठाणकोट आणि पुढे जम्मू-कटरा. आईच्या माहेरापासून लोकरीच्या गावापर्यंत एकच गाडी! लुधियाना म्हणजे आपल्या देशातल्या लोकरी होजियरीचं मोठं केंद्र. तुमच्या घरातल्या स्वेटरांपैकी एखादा तरी तिथला असणार.

प्लॅटफॉर्मवर चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, प्लीज, ट्रेनमध्ये ते काढू नकोस." वय वर्षं चौदा. त्याच्या शाळेतल्या कुणीतरी माझा विणतानाचा फोटो ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आंटीजी'. हे त्याने मला नाही, आईला सांगितलं होतं. मी काही बोललो नाही. रागवावं असं त्यात काही नव्हतं, पण सुया घरी ठेवाव्यात असंही काही नव्हतं.

मंडळी, विणकाम बायकांचं हे कधी ठरलं कोण जाणे! युरोपात काही शतकं विणकऱ्यांचे संघ होते आणि ते पुरुषांचे होते. वर्षानुवर्षं उमेदवारी केल्यावर माणूस उस्ताद ठरायचा. मोजे विणायचं पहिलं यंत्र १५८९ साली विल्यम ली नावाच्या इंग्रज माणसाने बनवलं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकीले नावाचं बेट आहे. तिथे टोप्या पुरुषच विणतात, मुलगे लहानपणी शिकतात. युनेस्कोने २००५ साली तिथल्या वस्त्रकलेला मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. लांब कशाला, माझे आजोबा इथल्याच कापड गिरणीत मागावर होते. मागावर होते म्हणून त्यांना कुणी आंटीजी म्हटलं नाही. दोऱ्याशी हयात घालवलेले पुरुष या इंदुरात हजारो होते.

भोपाळ गेलं, जेवणं झाली. चिरंजीव वरच्या बर्थवर कानात बोंडं घालून पडले होते. मी मोजा काढला. चार सुयांवरचं गोल विणकाम, १२ नंबरच्या सुया, साठ टाके. पहाटे दिल्ली गेली. पुढे अंबाल्याला एक पंजाबी आजी चढल्या आणि समोर बसल्या. त्यांनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग हात पुढे करून म्हणाल्या, "एड़ी ऐसे नहीं, बेटा." माझ्या हातून मोजा घेतला आणि टाचेच्या चार ओळी इतक्या चटकन विणून दाखवल्या की मी पाहतच राहिलो. "फंदे कितने डाले थे?" त्यांनी विचारलं. मी मनात 'साठ टाके' म्हटलं आणि तोंडाने 'साठ फंदे'. वरून आवाज आला, "बाबा, फंदे म्हणजे टाके ना?"

तो ऐकत होता तर!

आजी लुधियान्याला उतरल्या. तो खाली आला, आईची पट्टी उलटसुलट करून पाहिली. "यात न लिहिलेले कोणते?" मी बारावा, तेरावा आणि चौदावा दाखवला. त्याने फोनवर बाराव्याचा फोटो काढला, मोठा केला आणि वहीतलं गणिताचं चौकटीचं पान फाडलं. टाका सुलट दिसतो तिथे रिकामी चौकट, उलट तिथे टिंब, जाळी तिथे गोल, दोन एकत्र तिथे तिरकी रेघ. पठाणकोट यायच्या आत तो म्हणाला, "बाबा, हे रिपीट होतंय. दर बारा टाक्यांनी आणि सोळा ओळींनी. हा तर कोड आहे."

पालमपूरजवळच्या एका गावी आम्ही सहा दिवस होतो. समोर धौलाधारचा बर्फ, खाली चहाचे मळे. रोज दुपारी अंगणात बसून मी चौकटीचा कागद पाहून विणत होतो आणि तो चुका काढत होता. पहिल्या दोन वेळा उसवलं. तिसऱ्या वेळी नमुना जमला. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, आम्हाला नुसतं कपाळ दिसत होतं. मग म्हणाली, "हाच. हा शिंपल्यांचा. आमच्या शेजारच्या मावशींचा होता." नावही तेव्हाच आठवलं तिला.

त्या दिवसांत रस्त्यावर गद्दी मेंढपाळ भेटायचे. हिवाळा ते खालच्या डोंगरांत काढतात आणि उन्हाळ्यात शेकडो मेंढ्या-बकऱ्या घेऊन धौलाधारच्या खिंडींतून पलीकडे चंबा-लाहौलकडे जातात. कमरेला लोकरीचा लांबच लांब दोर गुंडाळलेला असतो, त्याला 'डोरा' म्हणतात. एक वयस्क बाबा चालता चालता टकळीवर सूत काढत होते. चिरंजीवांनी थांबवून विचारलं, "आप खुद बनाते हो?" ते हसले. "चलते-चलते हाथ ख़ाली क्यों रखना?" मग माझा मोजा दोन बोटांत चोळून पाहिला आणि निकाल दिला, "मशीन की ऊन है." बरोबर होतं.

परतताना मुलगा विचारत होता, "आपल्याकडे असं कुणी आहे का?" आहे की! दख्खनचे धनगर. मेंढ्या ते पाळतात, लोकर कातरतात, सूत काढतात. सणगर मागावर घोंगडी विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. आणि आपल्या इंदूरवर राज्य केलेलं होळकर घराणं मूळचं धनगरच. राजवाड्यासमोरून रोज जाणाऱ्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्याने लगेच विचारलं, "म्हणजे मल्हारराव पण...?" मल्हाररावांनी टकळी फिरवली होती का ते मला सांगता येणार नाही, पण मेंढरांची राखण मात्र त्यांच्या घरचीच.

आता घरी आलो आहोत. तेराव्या नमुन्याचा चौकटीचा कागद फ्रिजवर चिकटवला आहे, अर्धा भरलाय. चौदावा फार गुंतागुंतीचा आहे आणि पट्टीच्या टोकाला असल्यामुळे थोडा उसवलाही आहे. तो जमेल की नाही, माहीत नाही. चिरंजीव स्वतः विणत नाहीत हेही सांगून टाकतो. सुया हातात धरायला तो अजून तयार नाही आणि मी म्हणतही नाही. पण परवा शाळेतल्या त्याच ग्रुपवर त्याने शिंपल्यांच्या नमुन्याचा फोटो आणि चौकटीचा कागद शेजारी शेजारी टाकला. खाली लिहिलं, 'डीकोडेड'. तिघांनी विचारलं, कोणता गेम आहे.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या घरी आजी, मावशी, आत्या, कुणीही विणणारं असेल, तर सुट्टी संपायच्या आत त्यांच्याजवळ बसा आणि नमुन्यांची नावं विचारा. इंटरनेटवर हजारो नमुने आहेत, पण त्यांत 'मुंग्यांची रांग' सापडणार नाही. बडोद्याला त्याला काय म्हणतात, बेळगावला काय, हैदराबादला काय, मला खरंच हवं आहे. जुनी पट्टी, बंडी, कानटोपी काहीही असेल तर उजेडात ठेवून जवळून फोटो काढा आणि नावासकट पाठवा. कागद कसा भरायचा ते पुढच्या महिन्यात चित्रांसह सांगतो. चित्रं अर्थातच चिरंजीव काढणार आहेत, मानधन म्हणून सराफ्यातला एक भुट्ट्याचा कीस ठरला आहे.

आणि हो, टाच अंबाल्याच्या आजींच्या पद्धतीनेच करा.