चेन्नईने जडेजाला सोडले : हिशेब की कृतघ्नपणा?



आयपीएलचा नवा हंगाम मार्चअखेर सुरू होईल, पण वाद नोव्हेंबरपासूनच पेटलेला आहे. १५ नोव्हेंबर २०२५ रोजी चेन्नई सुपर किंग्जने रवींद्र जडेजा आणि सॅम करन यांना राजस्थान रॉयल्सकडे दिले आणि बदल्यात संजू सॅमसनला घेतले. पाठोपाठ १६ डिसेंबरला अबू धाबीच्या लिलावात चेन्नईने दोन अननुभवी पोरांवर २८ कोटी ४० लाख रुपये लावले. तेव्हापासून लग्नाची पंगत असो की संध्याकाळचे फिरणे, आपल्या मंडळींत हाच विषय आहे.

मध्य प्रदेशाचा स्वतःचा आयपीएल संघ नाही. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर सामने झाले, तेही पाहुण्यांचे; २०११ मध्ये कोचीचे, २०१७ आणि २०१८ मध्ये पंजाबचे. त्यामुळे आपल्या बुऱ्हाणपुरात संघ निवडला जातो तो नात्यागोत्यावरून. रेल्वे आपल्याला थेट मुंबईशी जोडते, भाषाही तिकडची, म्हणून बहुतेक मराठी घरे मुंबई इंडियन्सची. मुंबई आणि चेन्नई या दोघांचीही विजेतेपदे पाच-पाच, म्हणून चेन्नई हा हक्काचा प्रतिस्पर्धी. त्यातही घराघरांत फूट आहेच. चेन्नईचा कर्णधार पुण्याचा ऋतुराज गायकवाड, सलामीला विरारचा आयुष म्हात्रे. शिवाय इंदूरच्या रजत पाटीदारने २०२५ मध्ये बंगळूरला पहिले विजेतेपद मिळवून दिल्यापासून नातवंडांपैकी काही तिकडे गेली आहेत.

चेन्नईवर आपल्याकडे तीन आरोप होतात. जडेजाला काढणे हा कृतघ्नपणा, पथिरानाला सोडणे हा मूर्खपणा, आणि दोन पोरांवर एवढा पैसा हा जुगार. हे आरोप एकेक करून तपासू. बँकेच्या नोकरीने आम्हाला एक सवय लावली आहे. एखादे कर्ज मंजूर करणे बरोबर होते की चूक, हे पाहताना ते पुढे फिटले की बुडाले एवढेच पाहायचे नसते. मंजुरीच्या दिवशी टेबलावर कोणते कागद होते, तेही पाहायचे असते.

पहिला आरोप जडेजाचा. चेन्नईकडून १२ हंगाम, २०१८, २०२१ आणि २०२३ ही तीन विजेतेपदे. २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून त्यानेच करंडक आणला. अशा माणसाला सोडताना कोणाचाही हात थरथरेल. पण त्या दिवशीचे कागद काय सांगत होते? २०२५ मध्ये चेन्नईने १४ पैकी १० सामने गमावले आणि इतिहासात पहिल्यांदाच हा संघ तळाला, दहाव्या क्रमांकावर गेला. धोनी ४४ वर्षांचा, जडेजा ३७ च्या उंबरठ्यावर, अश्विन ऑगस्टमध्ये आयपीएलमधून निवृत्त झालेला. धोनीनंतर यष्टीमागे कोण उभा राहणार, याचे उत्तर संघात नव्हते. सॅमसन ३१ वर्षांचा, यष्टिरक्षक, आघाडीचा फलंदाज आणि कर्णधारपदाचा अनुभव असलेला. जडेजाची रक्कम १८ कोटी, सॅमसनचीही १८ कोटी. म्हणजे तेवढ्याच पैशात सहा वर्षे तरुण माणूस मिळाला, आणि शेजारी करनचे २ कोटी ४० लाख मोकळे झाले. करन गेल्याने एक अष्टपैलू कमी झाला, हे मात्र खर्चाच्या बाजूला लिहायला हवे.

आमचे मत असे, की हा निर्णय बरोबर होता. चूक झाली ती वर्षभर आधी. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईने त्याच जडेजाला १८ कोटींना राखले होते. थकीत खात्यासाठी वेळेवर तरतूद केली नाही, की ती पुढच्या वर्षी दुप्पट दुखते, हे बँकेतल्या कोणालाही विचारा. चेन्नईची सवय जुनी माणसे धरून ठेवण्याची. त्या सवयीने त्यांना विजेतेपदे दिली आणि त्याच सवयीने दहावा क्रमांकही दिला.

आणि कृतघ्नपणाचे म्हणाल, तर दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माचे कर्णधारपद काढून गुजरातहून आणलेल्या हार्दिक पंड्याला देणारा संघ आपलाच. तेव्हा वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडवणारेही आपलेच, आणि २०२४ मध्ये तळाला गेलो तेही आपणच. यंदा अर्जुन तेंडुलकर मुंबईहून लखनौला गेला, त्यावर मात्र फार कोणी बोलत नाही.

दुसरा आरोप मथीशा पथिरानाचा. चेन्नईने १३ कोटींचा गोलंदाज सोडला, कोलकात्याने तो १८ कोटींना घेतला, म्हणून चेन्नईचे नुकसान झाले, असे म्हणतात. पण लिलावातला भाव म्हणजे मालाची किंमत नव्हे. शेवटपर्यंत टिकलेल्या दोन गिऱ्हाइकांच्या खिशात किती पैसे आहेत, त्यावर तो ठरतो. कोलकात्याकडे त्या दिवशी ६४ कोटी ३० लाख होते, मुंबईकडे अवघे २ कोटी ७५ लाख. ज्याचा खिसा गरम, तोच भाव चढवतो. कॅमेरून ग्रीनला कोलकात्याने २५ कोटी २० लाखांना घेतले, पण परदेशी खेळाडूंसाठीच्या नियमामुळे त्याच्या हातात १८ कोटीच पडणार. वरचे ७ कोटी २० लाख खेळाडूंच्या कल्याणासाठी क्रिकेट मंडळाकडे जाणार.

भाव आणि किंमत यांतला फरक आपल्या इंदूरच्या दोन मुलांनी सर्वांत चांगला दाखवला आहे. व्यंकटेश अय्यरला २०२४ च्या लिलावात कोलकात्याने २३ कोटी ७५ लाखांना घेतले. समोर बंगळूर होते, ते साडेतेवीसपर्यंत चढले. त्या हंगामात ११ सामन्यांत त्याच्या १४२ धावा झाल्या, कोलकात्याने त्याला सोडले, आणि याच डिसेंबरात बंगळूरने त्याला ७ कोटींना घेतले. मुलगा तोच. एक हंगाम बिघडला हे खरे, पण एका वर्षात माणसाचे कसब पावणेसतरा कोटींनी घटत नाही. दुसरा रजत पाटीदार. २०२२ च्या लिलावात त्याला कोणी घेतलेच नाही. मग एका जखमी खेळाडूच्या जागी २० लाखांवर आला आणि बाद फेरीत लखनौविरुद्ध नाबाद ११२ धावा केल्या. पुढच्याच महिन्यात मुंबईविरुद्ध रणजी अंतिम सामन्यातही शतक ठोकून त्याने मध्य प्रदेशाला पहिला रणजी करंडक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. आज तो विजेत्या संघाचा कर्णधार आहे.

म्हणून तिसरा आरोप आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. उत्तर प्रदेशचा प्रशांत वीर २० वर्षांचा, राजस्थानचा कार्तिक शर्मा १९ वर्षांचा. दोघांचीही मूळ बोली ३० लाख, दोघेही गेले १४ कोटी २० लाखांना. भारताकडून न खेळलेल्या खेळाडूला एवढी रक्कम याआधी कधीच मिळाली नव्हती. तो जुना विक्रम २०२२ मध्ये १० कोटी मिळवणाऱ्या इंदूरच्याच आवेश खानचा होता. चेन्नईच्या थैलीत ४३ कोटी ४० लाख होते. म्हणजे सुमारे ६५ टक्के रक्कम दोन नव्या खात्यांत. जडेजाच्या जागी डावखुरा फिरकी गोलंदाज आणि धोनीच्या मागे तरुण यष्टिरक्षक, ही गरज समजते. पण एवढी एकवटलेली जोखीम आम्ही तरी सहीसाठी वरच्या साहेबांकडे पाठवली असती. मुंबईच्या सर्फराज खानला चेन्नईने त्याच दिवशी ७५ लाखांत घेतले. आम्हाला विचाराल तर त्यांचा सर्वांत शहाणा व्यवहार तोच.

या सगळ्यात खेळाडूचे स्वतःचे म्हणणे किती? अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये सहा वर्षांची सेवा झालेला खेळाडू करार संपताच मोकळा होतो आणि कोणाकडे जायचे ते स्वतः ठरवतो. आपल्याकडे अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. पण संघाने सोडले की लिलावात नाव द्यायचे आणि जो घेईल त्याच्याकडे जायचे. जडेजा हे दोन्ही बाजूंनी जगला आहे. राजस्थानच्या करारावर सही न करता दुसऱ्या संघाशी बोलणी केल्याबद्दल २०१० चा पूर्ण हंगाम त्याच्यावर बंदी होती. आज तो त्याच राजस्थानकडे परत गेला आहे, १८ ऐवजी १४ कोटींवर. कृतज्ञतेचा प्रश्न विचारायचा तर तो एकट्या चेन्नईला विचारून भागणार नाही. ही पद्धत बनवणाऱ्या सर्वांनाच विचारावा लागेल.

एप्रिल-मे महिन्यांत सामने पाहताना चेन्नईची तीन खाती तपासून पाहा. यष्टीमागे प्रत्यक्षात कोण उभा राहतो, पहिल्या चार-पाच अपयशांनंतरही प्रशांत आणि कार्तिक यांना संधी मिळते का, आणि जडेजाची चार षटके कोण भरून काढतो. आणि घरातली मुले टीव्हीसमोर बसून एखाद्या पोराला ‘चौदा कोटींचा’ म्हणून हसू लागली, तर त्यांना पाटीदारचे २० लाख जरूर सांगा.