आजीला रागावू नका, १९३० लावा

वस्तीत बीपी तपासताना आम्हाला दिसते, की फसवली गेलेली आजी गेलेल्या पैशांपेक्षा घरच्यांच्या बोलण्याला जास्त भिते. ती गप्प राहते, झोप उडते, गोळ्या चुकतात. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे : तिला रागावू नका, मोबाईल काढून घेऊ नका. बँक फोनवर ओटीपी मागत नाही. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. ‘डिजिटल अटक’ कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा, बँकेलाही कळवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण मोबाईललाही लागू आहे. रविवारी विहारात वंदनेनंतर नातवंडांनी दहा मिनिटे हेच आजी-आजोबांना समजावून सांगावे. जय भीम!